लेथ आणायला गेलो आणि येळवस गाठली

माझ्या पार्किंगच्या जागेत गाडी मावत नाही, कारण तिथं तीन यंत्रं उभी आहेत. एक रंधा मशीन, एक बँडसॉ आणि एक हातानं फिरवायचं भोकं पाडायचं मशीन. तिन्ही वयानं माझ्यापेक्षा मोठी. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. आठवडाभर लोकांचे दात घासायचे आणि सुट्टीच्या दिवशी गंजलेलं लोखंड घासायचं, असं माझं आयुष्य आहे. सोसायटीतले लोक मला तोंडावर ताई म्हणतात आणि माघारी भंगारवाली, हे मला ठाऊक आहे. म्हणू देत बापडे. हौसेला मोल नसतं.

तर डिसेंबरात एक दिवस फोनवर जाहिरात दिसली. तीन अंधुक फोटो आणि खाली ओळ : लाकूड कातायची जुनी लेथ, पायानं चालणारी, चालू कंडिशन, माकणीजवळ, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लेथवर लाकूड दोन टोकांना पकडून गरगर फिरवतात आणि त्याला पटाशी लावून गोल आकार देतात. तुमच्या घरातलं लाटणं, रवी, पाळण्याचे खांब, हे सगळं असंच कातलेलं असतं. ही लेथ पायाच्या शिलाई मशीनसारखी. खाली पायडल, मधे जड बिडाचं चाक, वर फिरणारं लाकूड. अशा लेथ आता बघायलाही मिळत नाहीत. माझ्या तर तोंडाला पाणी सुटलं.

फोन एका बाईनं उचलला, सुतारांची मंगल म्हणून नाव सांगितलं. मशीन चालू आहे, तीस हजार सांगितलेत, येऊन बघा, एवढंच बोलली. मी म्हटलं, या आठवड्यात येते. वार सांगायचं मी विसरले आणि पुढची सगळी गंमत तिथून सुरू झाली.

नवऱ्याला, म्हणजे अविनाशला, कबूल करायला दोन दिवस लागले. त्याची अट एकच, वाटेत तुळजापूरला दर्शन. माझी अट, शेजाऱ्यांचा भाजीचा पिकअप त्यानंच चालवायचा. हा पिकअप मागे घेताना गाणं म्हणतो. तीन दिवस आम्ही जिथं जिथं गाडी लावली तिथं तिथं लोक बाहेर येऊन बघून गेले.

पहिला दिवस : पुणे ते नळदुर्ग

पहाटे पाचला निघालो. सोलापूरपर्यंतचा रस्ता कसा आहे हे मी सांगायची गरज नाही, सगळ्यांनाच माहीत आहे. दहा वाजता सोलापुरात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही खाल्लं. तिथून तुळजापूर तासाभराचं. शुक्रवार असूनही रांग बरी होती, दीड तासात दर्शन झालं. अविनाश बाहेर येऊन डोळे मिटून उभा होता तेव्हा मी समोरच्या दुकानात लाटणी उलटसुलट करून बघत होते. कुंकवाच्या राशी, कवड्यांच्या माळा आणि कोपऱ्यात एका टोपलीत बाभळीची लाटणी. हातात घेतलं आणि चमकले. दोन्ही मुठींवर नखाएवढ्या तीन तीन रेघा, आणि कुठं म्हणून खरखर नाही. पॉलिश पेपर मारलेला नव्हता, पटाशीनंच इतकं गुळगुळीत आणलं होतं. कातकाम करणाऱ्याला विचारा, हे किती अवघड असतं. दुकानदाराला म्हटलं, कोण बनवतं? तो म्हणाला, माकणीकडची एक बाई आणून देते. ऐंशी रुपयांना एक. मी चार घेतली आणि गाडीत बसल्यावर मला जाहिरात आठवली. तीच बाई असेल तर ती लेथ का विकतेय, हे कोडं काही सुटेना.

नळदुर्गला दुपारी साडेतीनला पोचलो. किल्ला बघायचा असेल तर हातात किमान तीन तास ठेवा. बोरी नदी अडवून मधेच बांधलेला पाणीमहाल बघण्यासारखा आहे. पाणी पावसाळ्यात धबाधबा पडतं म्हणे, आम्हाला हिवाळ्यातली शांत भिंत मिळाली. त्या काळच्या माणसांनी दगडाच्या पोटात थंडगार खोल्या काढल्या आहेत, त्यांच्या खिडक्यांत बसून मला घरी जाऊच नये असं वाटत होतं. अविनाशला भूक लागली होती.

लॉज हजार रुपये, चादरी स्वच्छ, गरम पाणी सकाळी सहा ते आठ, तेही बादलीनं. जेवण हायवेवरच्या धाब्यावर, शेवभाजी, ज्वारीची भाकरी आणि हिरवा ठेचा. वाढणारा माणूस म्हणाला, उद्या आमी बंद, येळवस हाय. अविनाशनं विचारलं म्हणजे काय. तो म्हणाला, शेतात जाऊन जेवायचं असतंय. मला वाटलं, असेल काहीतरी हुरडा पार्टीसारखं. आम्ही मान डोलावली आणि झोपायला गेलो.

दुसरा दिवस : कुलूपबंद गाव

आता माझं ऐका. तुम्हाला धाराशिव किंवा लातूर जिल्ह्यात काही काम असेल तर आधी पंचांग बघा. मार्गशीर्षातली अमावास्या, म्हणजे वेळ अमावास्या, म्हणजेच येळवस, त्या दिवशी तिकडं कुठलंही काम होत नाही. चहासुद्धा मिळत नाही. हायवे सोडून आम्ही लोहाऱ्याकडं वळलो तेव्हा दोन्ही बाजूंनी तूर, हरभरा, कमरेएवढी ज्वारी, आणि रस्त्यावर मोटरसायकलींची रांगच रांग. प्रत्येकीवर तीन माणसं आणि मधल्या माणसाच्या मांडीवर फडक्यानं तोंड बांधलेलं एक मडकं. सगळ्या गावांतून शेतांकडं चालल्या होत्या, आम्ही एकटेच शेतांकडून गावाकडं.

ज्या गावाला जायचं होतं त्याचं नाव मुद्दाम देत नाही. भूकंपानंतर नवं वसवलेलं गाव, सरळ गल्ल्या, एकसारखी घरं. आणि प्रत्येक दाराला कुलूप. शाळा बंद, दुकान बंद, पारावर एक कुत्रं. फोन लावला तर उचलेना. पिकअप मागे घेतला, तो गाणं म्हणायला लागला, आणि त्या आवाजानं एका घरातून एक माणूस टोपली घेऊन बाहेर आला. बालाजी त्याचं नाव, विसरलेली टोपली न्यायला परत आला होता. सुतारांच्या मंगलताई कुठं राहतात विचारलं तर हसला. म्हणाला, आज गावात कोण घावणार न्हाय, पर सुतार आमच्याच शेतात हाईत, चला माझ्या मागं मागं.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे लहानशी खोपी, उभी केली होती, आत चुना लावलेले पाच दगड मांडलेले. हे पांडव. त्यांची पूजा आटोपून पंगत बसली होती. आम्ही कोण, कुठले, कशाला आलो, हे कुणी विचारायच्या आधी आमच्यापुढं पत्रावळी आल्या. भज्जी नावाचा प्रकार आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला. ओली तूर, हरभरा, पावटा, चुका, हाताला लागेल ते हिरवं बेसनात शिजवलेलं. त्याबरोबर बाजरीचे उंडे म्हणजे वाफवलेले गोळे, तिळाची भाकरी, गव्हाची खीर, आणि त्या मडक्यांतली आंबील. आंबील म्हणजे ज्वारीच्या पिठाचं ताकातलं आंबट थंडगार पेय. अविनाश पाच पेले प्यायला आणि बांधावर आडवा झाला. ज्याचं शेत नाही त्याला त्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात हक्काचं बोलावणं असतं. सुतारांचं शेत नाही, म्हणून ते दर वर्षी बालाजीच्या शेतात. आमचंही त्याच हिशेबात बसलं.

मंगलताई माझ्याच वयाच्या, पन्नाशीला टेकलेल्या. उंचीलाही माझ्याएवढ्याच, म्हणजे पाच फूट, तेही टाचा उचलल्या तर. शेजारी त्यांचे वडील बसलेले, रामलिंगअप्पा, ऐंशीच्या पुढचे, सहा फुटांचा सरळ सोट माणूस. आई गेलेली, भाऊ नाही. नवरा वारल्यावर मंगलताई लेकीला घेऊन माहेरी आल्या, ती लेक आता लातूरला नर्सिंग शिकते. अप्पांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी मशीन हाती घेतलं, त्याला वीस वर्षं झाली. तुळजापूरची ती लाटणी यांचीच, हे ऐकून मी त्यांचा हातच धरला. त्या लाजल्या.

मी मशीनचा विषय काढला की कुणीतरी खीर वाढायचं. शेवटी चारच्या सुमाराला आम्ही घरी गेलो आणि पत्र्याच्या शेडमध्ये मी ती लेथ बघितली. आज अमावास्या, हत्यार चालवायचं नाही, तेव्हा नुसतं बघा, असं अप्पांनी सांगितलं. मला नुसतं बघणं पुरेसं होतं. अहो, काय चीज होती ती. बिडाचे दोन उंच नक्षीदार पाय, वाघाच्या पंजासारखं तळाला वळण. चाक हातानं ढकललं तर किती वेळ फिरतच राहिलं. आस ज्यात फिरतो ते गनमेटलचे बुश, चामड्याचा पट्टा, एकही वेल्डिंग नाही, एकही नवा बोल्ट नाही. सोलापूरच्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या सुतारखात्यातून अप्पांनी तरुणपणी ती बैलगाडीत घालून आणली होती. भूकंपात शेड पडलं, दगडाखालून मशीन काढलं, त्याला ओरखडा नाही.

आमच्यासारख्या जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात एक धर्म पाळतात : कापायचं नाही, जोडायचं नाही, बदलायचं नाही. लोक काय काय करतात जुन्या यंत्रांचं, पाय कापतात, भोकं पाडतात, कसलाही रंग फासतात. आणि इथं एका माणसानं साठ वर्षं एका खिळ्याचा बदल केला नव्हता. मला भरून आलं. मी अप्पांना म्हटलं, तुमच्यासारखा माणूस मी बघितला नाही. तुम्ही याचे पायसुद्धा जसेच्या तसे ठेवलेत. आणि मग मी ते वाक्य बोलले, जे मला अजूनही रात्रंदिवस चावतं.

"अप्पा, हे मशीन इथून हलवणं पाप आहे. विकू नका. मी घेणार नाही."

मला वाटलं, केवढा त्याग केला आपण. तीनशे तीस किलोमीटर येऊन हातातला घास सोडला. अप्पांचा चेहरा फुलला. ते लेकीकडं वळून म्हणाले, "बघ. पुण्याच्या ताई बी त्येच म्हणायल्यात." मंगलताई उठून भांडी घासायला गेल्या.

अंधार पडायला आला होता. उसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, आता निघू नका, मुक्कामाला राहा, असं अप्पांनीच बजावलं. हा सल्ला मीही देते, त्या रस्त्यांवर साखर हंगामात सूर्यास्तानंतर गाडी घालू नका. सकाळी मशीन चालवून दाखवतो, ते बघून जावा, असंही ते म्हणाले. मला आणखी काय पाहिजे होतं?

तिसरा दिवस

सकाळी तोंड धुवायला मागच्या अंगणात निघाले आणि दारातच थांबले. उन्हात पायरीवर मंगलताई पाठमोऱ्या बसल्या होत्या. मागं खुर्चीवर अप्पा. त्यांच्या थरथरत्या हातात फणी. ते लेकीची वेणी घालत होते. तीन पेड बोटांत धरायचे, एक सुटायचा, परत धरायचे. रोजचं काम असावं तसं चाललं होतं.

मी परत आत गेले. अविनाशला सांगितलं, तो म्हणाला, अगं तिचा उजवा हात वर जात नाही, काल खीर वाढताना बघितलं नाहीस का? मी नव्हतं बघितलं. मी काल बुश बघितले, पट्टा बघितला, चाक किती वेळ फिरतं ते मनात मोजलं. माणसाकडं बघायचं राहूनच गेलं.

चुलीपाशी चहा टाकताना मी मंगलताईंना सरळ विचारलं. त्यांनी आधी काही नाही म्हणून टाळलं. मग चहा गाळताना त्या बोलल्या, आणि आवाज न चढवता बोलल्या त्यामुळं मला जास्त लागलं.

"ताई, मशीन अप्पाच्या उंचीचं हाय. वीस वर्सं म्या कोपर खांद्यापतोर वर उचलून पटाशी धरलो. आता खांदा गेलाय. डाक्टर म्हणले, ह्या मशीनवर आता बास."

पाट घेऊन त्यावर उभं राहायचं ना, असं मी म्हणणार होते, पण तोंडातच राहिलं. पायडल जमिनीला धरून असतं. एक पाय पायडलवर, दुसरा जमिनीवर, पाटावर चढलं तर पायडल पोचतच नाही. बाजूला मोटर ठेवून पट्ट्यानं जोडून बघितली तर जुने बुश तापून मशीन थरथरायला लागलं. पाय थोडे कापू या, असं त्यांनी अप्पांना म्हटलं होतं. अप्पा दोन दिवस जेवले नाहीत. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. मग त्यांनी म्हणायचं कमी केलं. आता लातूरला एका माणसाकडं मोटरची जुनी लेथ होती, बुटकी, अगदी त्यांच्या कोपराएवढी. तो सोमवारपर्यंत थांबणार होता. आजचा वार रविवार. पण हे मशीन जाईपर्यंत शेडमध्ये दुसरं ठेवायला जागा नाही आणि घ्यायला पैसेही नाहीत. भंगारवाले दोनदा आले, अप्पांनी त्यांना पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. चालवणाऱ्यालाच देईन, असा शब्द चार वर्षांच्या रडारडीनंतर कसाबसा दिला होता. चालवणारं माणूस म्हणून मी आले. आणि येऊन काय केलं, तर पाप आहे म्हणून सांगितलं.

"लेकीला म्हणलं व्हतं, यंदा नवं मशीन येतंय," त्या म्हणाल्या. "आता मशीन न्हाय म्हून म्या होस्टेलवर भाकरी थापायच्या कामाला जायचं म्हणलं तरी हात लागतोच की."

मला माझीच इतकी चीड आली. दुसऱ्याच्या जिवावर शुद्ध राहायला काय जातं?

मी शेडमध्ये गेले आणि अप्पांना म्हटलं, माझं चुकलं, मी मशीन घेणार. त्यांनी मान हलवली. तुमीच म्हणलाव पाप हाय, आता पलटू नका. मी म्हटलं, अप्पा, मी यंत्र बघितलं, माणूस बघितलं नाही. त्यांनाही सगळं माहीत होतं, रोज सकाळी त्यांच्याच बोटांतून जात होतं ते. पण माहीत असणं आणि कबूल करणं यांत फार अंतर असतं, आणि ऐंशीव्या वर्षी ते चालायला सोपं नसतं. मग ते म्हणाले, चालवणाऱ्यालाच देतो म्हणलोय, तर चालवून दावा. एक लाटणं काता.

बाभळीचा तुकडा चढवला. पायडल मारलं, चाक फिरलं, आणि खोटं कशाला बोलू, पहिली दहा मिनिटं मी स्वर्गात होते. लाकडाची साल फितीसारखी सुटत होती. मग उजवा खांदा भरून यायला लागला. पटाशी कोपराच्या रेषेत हवी, ती माझ्या छातीशी येत होती. मी कोपर वर उचलून धरलं. पाव तासात मान आखडली. दात आवळले. अर्ध्या तासात हात इतका थरथरायला लागला की मुठीवरची रेघ वाकडी गेली. मी थांबले नाही, मला वाटलं थांबले तर अप्पा मशीन देणार नाहीत. मंगलताई दारात उभ्या होत्या. त्यांचा उजवा हात डाव्या हातानं धरलेला. अप्पा एकदा माझ्या कोपराकडं बघत होते, एकदा लेकीकडं.

"बास," ते म्हणाले. "उतरवा मशीन. घेऊन जावा."

पुढचं सगळं भराभर झालं. बालाजी आणि त्याचे दोन भाऊ आले. चाक वेगळं, बेड वेगळा, पाय वेगळे. तुम्हाला कधी असं मशीन हलवायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रत्येक बोल्ट निघाल्या निघाल्या त्याच भोकात परत हातानं फिरवून ठेवा, आणि बीड कधी आपटू देऊ नका, ते काचेसारखं फुटतं. खाली कडब्याच्या पेंढ्या घातल्या. मी तीस हजार मंगलताईंच्या हातात दिले. त्यांनी तिथंच लातूरला फोन लावला आणि उद्या येते म्हणून सांगितलं.

गाडी निघताना अप्पा जवळ आले. पायांच्या नक्षीवरून हात फिरवला. म्हणाले, रंग लावा, पट्टा बदला, काय बी करा, पर पाय तेवढे तसेच ठिवा. मी म्हटलं, अप्पा, मी कधीच कुठल्या मशीनचं काही कापत नाही. हे मी अगदी छातीवर हात ठेवून म्हटलं. पिकअप गाणं म्हणत मागं वळला.

परतीला तुळजापूर टाळून थेट नळदुर्गवरून सोलापूर गाठलं. पुण्यात पोचायला रात्र झाली. डिझेल, टोल, लॉज, दर्शन, लाटणी सगळं धरून प्रवासाचा खर्च नऊ हजारांच्या आत बसला. येळवशीचं जेवण आणि मुक्काम यांचे पैसे विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि तुम्हीही विचारू नका, वाईट वाटतं त्यांना.

घरी

दोन महिने मी त्या लेथवर काम केलं. गंज रॉकेलनं आणि तांब्याच्या तारेच्या ब्रशनं काढला, बुश धुतले, नवा चामड्याचा पट्टा शिवला. रंग मुळातला होता तोच, हिरवट काळा. फोटो ग्रुपवर टाकले तेव्हा लोकांनी पायांचंच कौतुक केलं. असे पाय शाबूत मिळणं म्हणजे नशीब, असं चार जणांनी लिहिलं. मी दिवसभर फोन बघत हसत होते.

आणि लेथ चालवायला गेले की अर्ध्या तासात खांदा बोलायला लागायचा. मी रविवारी एक रवी कातायचे आणि बुधवारपर्यंत लॅबमध्ये उजव्या हातानं कवळी धरता यायची नाही. मग मी चालवणं सोडलं. आल्यागेल्याला मशीन दाखवायचे, चाक फिरवून दाखवायचे, झाकून ठेवायचे. चालवणाऱ्यालाच देईन म्हणून दिलेलं मशीन माझ्याकडं शोभेला उभं राहिलं. मंगलताईंचा अधूनमधून फोन यायचा. नवी लेथ मस्त चालतेय, खांद्याला तेल लावून व्यायाम सुरू आहे, लेकीनं शिकवलाय. आणि दर वेळी त्या विचारायच्या, ताई, काय कातलाव? मी इकडचं तिकडचं बोलायचे.

एका रविवारी मी कोपरापासून जमिनीपर्यंत टेप लावला. मग मशीनला लावला. फरक पाच इंचांचा. चाकाखाली सात इंच मोकळे होते, म्हणजे पायडलचा दांडा तेवढाच आखूड केला तर जमणार होतं. मी आठवडाभर काही केलं नाही. अविनाश म्हणाला, तुझं मशीन, तुझा खांदा. मी म्हटलं, माझा शब्द. तो म्हणाला, मग बस शब्द चालवत. त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला. पुढच्या रविवारी मी ग्राइंडर लावला. वाघाचे पंजे एका बाजूला ठेवले. ग्रुपवर सांगितलं नाही. त्या दुपारी मी तीन लाटणी कातली, एकापाठोपाठ एक, आणि संध्याकाळी हात वर करून कपाटावरचा डबा काढला. दुखला नाही.

या प्रवासानं मला काय दिलं विचाराल तर भज्जीची कृती, जी मला अजून जमलेली नाही. नळदुर्गच्या खिडकीतला थंड दगड. आणि ही भीती, की आपण ज्याला जपणं म्हणतो त्याचं ओझं कुणाच्या खांद्यावर असेल सांगता येत नाही. आता कुणाच्या घरी जुनं यंत्र बघायला गेले की आधी ते चालवणाऱ्याच्या शेजारी उभी राहते.

पण अप्पांना सांगणं भाग होतं. त्यांच्याशी खोटं बोलून मला त्या मशीनवर हात ठेवता आला नसता. चार दिवस धीर गोळा केला आणि फोन लावला. मंगलताईंनी उचलून त्यांच्याकडं दिला. तब्येत विचारली, ऊन विचारलं, मग मी सांगून टाकलं.

"अप्पा, मी मशीनचे पाय कापले."

मागं शेडमधली मोटर तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं, त्यांनी फोन बाजूला ठेवला.

"किती कापलाव?"

"पाच इंच."

"पाच," ते म्हणाले. मग म्हणाले, "मंगल बी पाचच मागत व्हती."